गाईच्या पोटांतील वायु व त्यावर वनस्पतींचा उतारा



भर दुपारीं गांवाबाहेरच्या चिंचेखालीं गाई बसलेल्या तुम्हीं शेंकडों वेळां पाहिल्या असतील. सकाळभर त्यांनीं घाईघाईनें गवत ओरबाडलेलें असतें आणि आतां अर्धवट डोळे मिटून त्या संथपणें रवंथ करीत असतात. जबडा एका लयींत हलतो, मध्येंच थांबतो, घांस खालीं उतरतो. क्षणभरानें गळ्यावरून एक गांठ वर सरकतांना दिसते आणि पुन्हां चर्वण सुरू होतें. हें दृश्य इतकें परिचयाचें आहे कीं, त्यांत कांहीं विचार करण्यासारखें असेल असें आपल्या मनांतहि येत नाहीं. परंतु त्या दोन घांसांच्या मधल्या वेळांत गाय आणखी एक गोष्ट करीत असते. ती फारसा आवाज न करतां ढेंकर देते, आणि त्या ढेंकरेबरोबर रंग नसलेला, वास नसलेला असा एक वायु हवेंत सोडते. त्या वायूचें नांव मिथेन.

हा वायु कोठून येतो, तो बाहेर गेल्यानें गाईच्या मालकाचें काय जातें, जगाचें काय बिघडतें, आणि हिरडा, चिंचोका, रिठा अशा आपल्या ओळखीच्या वस्तूंचा त्यावर काय उपाय होऊं शकतो, हें या लेखांत पाहावयाचें आहे. विषय शास्त्राचा असला तरी तो प्रत्येक गोठ्याशीं निगडित आहे. म्हणून तुमच्या घरच्या वडील मंडळींनींहि हा लेख वाचावा, किंवा तुम्हीं तो त्यांस वाचून दाखवावा, अशी इच्छा आहे.

चार कप्प्यांचें पोट

गाय, म्हैस, शेळी, मेंढी हीं रवंथ करणारीं जनावरें होत. त्यांच्या जठराचे चार कप्पे असतात: कोटीपोट, जाळीपोट, पडदेपोट आणि शेवटचें खरें पोट. आपल्या जठरांत पाझरतो तसा आम्लरस यांपैकीं फक्त शेवटच्या कप्प्यांत पाझरतो. पहिला कप्पा जो कोटीपोट, तो सर्वांत मोठा. थोराड गाईच्या कोटीपोटांत शंभर लिटरांहून अधिक ऐवज मावतो.

गवत आणि कडबा यांचा मुख्य घटक सेल्युलोज. हा पदार्थ फोडणारा पाचकरस तुमच्याआमच्यापाशीं नाहीं, तसाच तो गाईपाशींहि नाहीं. मग गाय कडब्यावर जगते कशी? याचें उत्तर असें कीं, कडबा गाय स्वतः पचवीत नाहीं. तिच्या कोटीपोटांत राहणारे सूक्ष्म जीव तो पचवितात. तेथें ३९ अंशांची ऊब असते, ओलावा असतो, अंधार असतो आणि प्राणवायु जवळजवळ नसतो. तेथील रसाच्या एका मिलिलिटरांत, म्हणजे सुमारें वीस थेंबांत, एक हजार कोटींच्या आसपास जंतु असतात. त्यांखेरीज त्यांच्याहून पुष्कळ मोठे असे लाखों आदिजीव असतात. हे आदिजीव ग्रुबी आणि देलाफों या दोघांनीं १८४३ सालींच पाहिले होते. परंतु प्राणवायूचा स्पर्श होतांच मरणारे जंतु प्रयोगशाळेंत वाढवावे कसे, हें कोडें पुढें दीर्घकाळ सुटलें नव्हतें. अमेरिकेंतील रॉबर्ट हंगेट या शास्त्रज्ञानें प्राणवायु कटाक्षानें दूर ठेवण्याची रीति बसविली, तेव्हां कोठें या अंधाऱ्या जगाचा नीट अभ्यास सुरू झाला. १९६६ सालीं त्यानें कोटीपोट व त्यांतील सूक्ष्म जीव यांवर लिहिलेला ग्रंथ या शास्त्राचा पाया मानला जातो.

हे जीव म्हणजे गाईच्या घरचे भाडेकरू होत. गाय त्यांना जागा, ऊब आणि बारीक चावलेला चारा देते. ते चाऱ्याचें किण्वन करून अ‍ॅसेटिक, प्रोपिऑनिक व ब्युटिरिक हीं आम्लें तयार करतात. यांतील पहिलें म्हणजे आपल्या शिरक्यांतील आंबट द्रव्य. हीं आम्लें कोटीपोटाच्या भिंतींतून रक्तांत जातात, आणि गाईस लागणाऱ्या शक्तीचा बहुतांश त्यांतूनच मिळतो. शिवाय हे जीव पुढच्या कप्प्यांत वाहून गेले कीं स्वतःच पचले जातात व गाईस त्यांपासून प्रथिनें मिळतात. आपण ज्या कडब्याला हात लावणार नाहीं त्याचें दूध होतें, तें या भाडेकरूंच्या कष्टानें.

मिथेन कां निर्माण होतो?

मात्र या व्यवहारांत एक अडचण आहे. किण्वन चालू असतांना हायड्रोजन वायु मोकळा होतो. तो सांचत गेला तर किण्वनाचें कामच मंदावतें. चुलींतली राख न काढल्यास विस्तव जसा कोंदतो, तसें होतें. हा हायड्रोजन उचलून नेण्याचें काम एक निराळी जात करते. ही जात हायड्रोजनचे चार रेणु आणि कार्बन डायऑक्साइडचा एक रेणु घेऊन त्यांपासून मिथेनचा एक रेणु व पाण्याचे दोन रेणु बनविते, आणि त्या क्रियेंत मिळणाऱ्या शक्तीवर जगते. दिसावयास हे जीव जंतूंसारखे असले तरी ते जंतु नव्हेत, त्यांचें कुळच वेगळें आहे, असें १९७७ सालीं कार्ल वोज आणि जॉर्ज फॉक्स यांनीं दाखविलें. या कुळास आर्किया म्हणतात. आपण त्यांस सोयीसाठीं मिथेनकर जीव म्हणूं.

मिथेन वायु आपणांस अगदींच अनोळखी नाहीं. विजेच्या घटामुळें ज्याचें नांव तुम्हांस ठाऊक आहे त्या आलेस्सांद्रो व्होल्टानें १७७६ सालीं इटलींतील माज्योरे सरोवराच्या कांठचा चिखल ढवळला आणि वर येणारे बुडबुडे बाटलींत धरले. ते पेटतात असें त्यास आढळलें. तोच हा वायु. गोबरगॅसच्या शेगडींत निळ्या ज्योतीनें जळतो तोहि मुख्यतः हाच. शेणांतून निघणारा मिथेन आपण टाकींत पकडतों व त्यावर भाकरी भाजतों. गाईच्या पोटांत तयार होणारा मिथेन मात्र बहुतेक सारा तोंडावाटे व नाकावाटे निघून जातो. तो पकडतां येत नाहीं. फार तर मुळांतच कमी होईल असें करतां येतें.

मालकाची हानि व जगाची हानि

प्रथम मालकाची हानि पाहूं. मिथेन हें इंधन आहे. जी शक्ति त्यांत भरलेली असते ती चाऱ्यांतून आलेली असते, व तो चारा मालकानें कष्टानें पिकविलेला किंवा पैसे मोजून आणलेला असतो. जनावर जें खातें त्यांतील एकंदर शक्तीपैकीं शेंकडा २ पासून १२ पर्यंत भाग या वायूबरोबर निघून जातो. अमेरिकेंतील पेन्सिल्व्हेनिया येथें हेन्री आर्म्सबी या शास्त्रज्ञानें १९०२ सालीं एक बंदिस्त कोठडी चालू केली. तींत बैलास उभें करून त्याच्या अंगाची उष्णता आणि त्याच्या श्वासांतील वायु मोजतां येत. त्या काळीं हवामानाची चिंता कोणासहि नव्हती. चाऱ्यांतील शक्ति जाते कोठें, एवढाच प्रश्न होता, आणि त्याच्या उत्तरांत मिथेनचें नांव तेव्हांपासूनच आहे.

आतां थोडें गणित करूं. आपल्याकडील दुभती गाय किंवा म्हैस दिवसाला सुमारें २०० लिटर मिथेन सोडते असा अंदाज आहे. त्याचें वजन होतें सुमारें १४० ग्रॅम. एक ग्रॅम मिथेन जळला असतां १३ किलोकॅलरींहून किंचित् अधिक उष्णता मिळते. म्हणजे रोज १,८०० किलोकॅलरींहून अधिक शक्ति हवेंत जाते. एका माणसाच्या दिवसभराच्या अन्नाच्या ती जवळपास आहे. यांपैकीं पांचवा हिस्सा जरी वांचविला, तरी गाईच्या अर्ध्या लिटर दुधांत असते तितकी शक्ति वांचली. मात्र वांचलेली सगळीच शक्ति दुधांत उतरते असें नाहीं. कांहीं हायड्रोजन तसाच ढेंकरेवाटे जातो, आणि कांहीं शक्ति जनावराच्या अंगीं लागते. हें भान सुरुवातीपासून ठेवलेलें बरें.

आतां जगाची हानि. मिथेन सूर्याची उष्णता पृथ्वीभोंवतीं धरून ठेवतो. शंभर वर्षांच्या मानानें तुलना केली तर समान वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या सुमारें २८ पट ऊब तो धरतो. मोठे कारखाने सुरू होण्यापूर्वीं हवेच्या शंभर कोटी भागांत मिथेनचे भाग ७००च्या आसपास होते. आज ते १,९०० हून अधिक आहेत. परंतु त्यांत एक दिलासाहि आहे. कार्बन डायऑक्साइड शतकेंच्या शतकें टिकून राहतो; मिथेन मात्र दहाबारा वर्षांत विरून जातो. म्हणून आज मिथेन कमी केला तर त्याचें फळ आज शाळेंत असलेल्या मुलांस त्यांच्या तरुणपणींच पाहावयास मिळेल.

येथें न्यायाची गोष्टहि सांगितली पाहिजे. मनुष्याच्या व्यवहारांतून निघणाऱ्या मिथेनपैकीं सुमारें एकतृतीयांश पशुपालनांतून येतो. तितकाच, किंबहुना थोडा अधिक, कोळसा, खनिज तेल व नैसर्गिक वायु यांच्या उद्योगांतून येतो. तेव्हां सारा दोष गरिबाच्या गाईच्या माथीं मारणें बरोबर नाहीं. तरीपण २०१९च्या पशुगणनेप्रमाणें आपल्या देशांत सुमारें १९ कोटी २५ लाख गाई-बैल, ११ कोटी म्हशी, १४ कोटी ८९ लाख शेळ्या आणि ७ कोटी ४३ लाख मेंढ्या आहेत. एवढ्या मोठ्या खिल्लाराच्या बाबतींत चाऱ्याची शक्ति वांचविण्याचा उपाय सांपडला, तर लाभ प्रथम आपल्याच शेतकऱ्याचा आहे.

वनस्पतींचें शस्त्र

झाडास पाय नसतात. गाय खावयास आली तर त्याला पळून जातां येत नाहीं. म्हणून कित्येक झाडें आपल्या पानांत, सालींत व फळांत कडू, तुरट, उग्र अशीं द्रव्यें सांठवितात. खाणाऱ्याची चव बिघडावी, त्याच्या पोटांतील जंतूंचें काम अडावें, हा त्यांचा उपयोग. झाडानें स्वसंरक्षणार्थ केलेलें हें शस्त्र बेतानें वापरून मिथेनकर जीवांस आवर घालतां येईल काय, हा शास्त्रज्ञांचा प्रश्न आहे.

यांतील पहिलें द्रव्य टॅनिन. हिरडा दांताखालीं धरला कीं जीभ आंखडते. ती करामत टॅनिनची. सह्याद्रीच्या रानांत वेंचला जाणारा हिरडा, बाभळीची साल, चिंचोक्याचें टरफल या सर्वांत तें भरपूर असतें. टॅनिनचा मुख्य गुण असा कीं, तें प्रथिनास घट्ट चिकटतें. कच्चें कातडें बाभळीच्या सालीच्या पाण्यांत मुरविलें असतां तें कुजत नाहीं व कमावलें जातें, याचें कारण हेंच. हा गुण तुम्हांस घरीं पाहतां येईल. हिरड्याची पूड पाण्यांत उकळून गाळून घ्या व तें पाणी थंड झाल्यावर त्याचे दोन भाग करा. एका भागांत अंड्याचा पांढरा बलक पाण्यांत कालवून थोडासा घाला. पाणी गढूळ होऊन सांका बसेल. दुसऱ्या भागांत गंजलेला खिळा टाकून ठेवा. पाणी काळें होईल. पूर्वीं हिरडा आणि हिराकस यांपासून शाई करीत असत, ती याच रीतीनें. प्रयोगाचें पाणी मात्र कोणीं पिऊं नये.

कोटीपोटांत टॅनिन गेलें म्हणजे दोन गोष्टी होतात. एक तर तंतुमय भागाचें किण्वन थोडें मंदावतें, त्यामुळें हायड्रोजन कमी सुटतो. आणि दुसरें, मिथेनकर जीवांच्या वाढीसहि कांहीं अंशीं अटकाव होतो. याखेरीज आणखी एक लाभ आहे. पेंडींतील प्रथिन कोटीपोटांतील जंतु एरवीं फोडून टाकतात, व त्याचा बराच भाग शेवटीं मूत्रावाटे वायां जातो. टॅनिन त्या प्रथिनास चिकटून त्याचें रक्षण करतें. पुढें खऱ्या पोटांतील तीव्र आम्लांत ही पकड सुटते आणि प्रथिन गाईच्या कामीं येतें. कुलपाची किल्ली जणूं पुढच्या खोलींत ठेविलेली असते.

परंतु अति तेथें माती, हें येथें अक्षरशः खरें आहे. एकंदर सुक्या चाऱ्यांत टॅनिनचें प्रमाण शेंकडा दोन ते चार असलें तर तें सामान्यतः सोसतें. पांचाच्या वर गेलें कीं जनावर चारा कमी खाऊं लागतें, पचन खालावतें आणि दूध आटतें. हिमालयाच्या डोंगराळ भागांत दुसरा हिरवा चारा नसतांना ओकचीं कोंवळीं पानें फार खाल्ल्यानें गुरांस विषबाधा होऊन त्यांचीं मूत्रपिंडें बिघडतात, व तीं दगावतातहि. म्हणून हा लेख वाचून कोणींहि घरच्या घरीं हिरडा किंवा बाभळीची साल कुटून गाईस चारूं नये. सर्व टॅनिनें सारखीं नसतात. एका झाडाचें लाभतें, दुसऱ्याचें बाधतें. एकाच झाडाच्या कोंवळ्या व जून पानांतहि अंतर असतें.

ही निवड व मात्रा बसविण्याचें काम आपल्या देशांतहि झालें आहे. बंगळूर येथील राष्ट्रीय पशुपोषण व शरीरक्रियाशास्त्र संस्थेनें चिंचोक्याच्या टरफलासारख्या टाकाऊ वस्तूंचा या दृष्टीनें अभ्यास केला. टॅनिनयुक्त वनस्पतींपासून तिनें ‘हरित धारा’ नांवाचें एक खाद्यपूरक तयार केलें. तें २०२१ सालीं पुष्कळांच्या ऐकण्यांत आलें. त्यानें मिथेन शेंकडा १७ ते २० कमी होतो, असा संस्थेचा निष्कर्ष आहे. तीन महिन्यांच्या आंतील वासरांस तें द्यावयाचें नसतें, कारण त्यांचें कोटीपोट पुरतें कामास लागलेलें नसतें.

रिठ्याचा फेंस आणि सुबाभळीचा धडा

दुसरें द्रव्य सॅपोनिन. रिठा व शिकेकाई पाण्यांत चोळल्यावर जो फेंस येतो तो सॅपोनिनचा. कोटीपोटांतील आदिजीवांच्या अंगावरील पापुद्र्यांत कोलेस्टेरॉलसारखें द्रव्य असतें. सॅपोनिन त्यास धरतें, पापुद्रा फाटतो आणि आदिजीव मरतो. जंतूंच्या पापुद्र्यांत तें द्रव्य नसल्यामुळें ते बहुधा वांचतात. आतां, कित्येक मिथेनकर जीव या आदिजीवांच्या अंगावर, किंबहुना त्यांच्या अंगांतहि, राहतात. कारण हायड्रोजन त्यांस तेथें आयता मिळतो. यजमान गेला म्हणजे पाहुण्यांचीहि आबाळ होते, व मिथेन कमी होतो.

परंतु पुष्कळदां असें आढळतें कीं, कांहीं आठवड्यांनीं हा परिणाम ओसरतो. कोटीपोटांतील कांहीं जंतु सॅपोनिनचा रेणु फोडावयास शिकतात, आणि आदिजीव पुन्हां वाढतात. सूक्ष्म जीवांचें जग किती लवकर नव्या द्रव्याशीं जुळवून घेतें, याचें उत्तम उदाहरण सुबाभळीचें आहे.

सुबाभूळ हें मूळचें मेक्सिको व मध्य अमेरिकेंतील झाड. पुणें जिल्ह्यांतील उरुळीकांचन येथें मणिभाई देसाई यांनीं १९६७ सालीं स्थापिलेल्या बाएफ या संस्थेनें चाऱ्यासाठीं व जळणासाठीं या झाडाचा मोठा प्रसार केला. त्याचा पाला प्रथिनांनीं समृद्ध आहे, आणि त्यांत टॅनिनहि असल्यामुळें तो खाणाऱ्या जनावरांचा मिथेन कांहींसा कमी होतो असें दिसून आलें आहे. परंतु त्याच पाल्यांत मिमोसिन नांवाचें विषहि असतें. पाला फार झाला तर जनावराचे केंस गळतात व वाढ खुंटते. ऑस्ट्रेलियांत हा त्रास फार होता. तेथील रेमंड जोन्स या शास्त्रज्ञाच्या ध्यानांत आलें कीं, हवाई बेटांवरील शेळ्या हाच पाला पोटभर खातात व त्यांस कांहींहि होत नाहीं. शोध घेतां असें निघालें कीं, हवाईच्या शेळ्यांच्या कोटीपोटांत हें विष फोडणारा एक जंतु आहे. १९८०च्या दशकांत तेथील कोटीपोटांतील रसाच्या द्वारें तो ऑस्ट्रेलियांत नेण्यांत आला, आणि तेथील गुरेंहि पाला निर्धास्तपणें खाऊं लागलीं. पुढें १९९२ सालीं त्या जंतूचें नामकरण झालें, तेव्हां त्यांत जोन्सचें नांव गुंफलें गेलें.

या गोष्टींतून दुहेरी बोध घ्यावयाचा आहे. जंतु विष फोडावयास शिकतात, हा लाभ. पण याच न्यायानें ते आपलें औषधहि फोडावयास शिकूं शकतात. म्हणून पंधरा दिवसांच्या प्रयोगावरून कोणत्याहि पाल्याची ग्वाही देतां येत नाहीं.

समुद्रशेवाळाची कथा

अलीकडे सर्वांत अधिक गाजावाजा झाला आहे तो एका तांबड्या समुद्रशेवाळाचा. काटेकोर बोलावयाचें तर समुद्रशेवाळ जमिनीवरच्या वनस्पतींच्या पंक्तींत बसत नाहीं, पण विषयास तें सोडून नाहीं. कॅनडांतील प्रिन्स एडवर्ड बेटावर, वादळानंतर किनाऱ्यावर येऊन पडलेलें शेवाळ खाणाऱ्या गाई अधिक धडधाकट असतात, असें एका शेतकऱ्यास वाटलें. त्यावरून तपास सुरू झाला. पुढें ऑस्ट्रेलियांत वीस जातींचीं शेवाळें काचपात्रांतील कोटीपोटरसांत घालून पाहिलीं, तेव्हां अ‍ॅस्परागॉप्सिस नांवाच्या तांबड्या शेवाळानें मिथेन जवळजवळ बंदच पाडला. त्यांतील ब्रोमोफॉर्म हें द्रव्य मिथेन तयार होण्याची अखेरची पायरीच अडवितें.

आतां पुढील आंकडे लक्षपूर्वक पाहा. काचपात्रांत मिथेन जवळजवळ शून्यावर आला. २०२१ सालीं कॅलिफोर्नियांत बंदिस्त जागीं ठेवलेल्या व तोलून खाद्य दिलेल्या गोऱ्ह्यांवर प्रयोग झाला, तेव्हां तो शेंकडा ८० हून अधिक उतरला. २०२४ सालीं कुरणांत मोकळ्या चरणाऱ्या जनावरांवरील प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यांत घट शेंकडा सुमारें ३८ होती. आणि ऑस्ट्रेलियांत वाग्यू जातीच्या जनावरांस हें शेवाळ तेलांत मुरवून तीनशें दिवस दिलें, त्या प्रयोगाचा निकाल २०२३ सालीं आला तो शेंकडा २८ चा; शिवाय त्या जनावरांचें वजन वाढावयास अधिक दिवस लागले. औषध तेंच, पण काचपात्रांतून गोठ्यांत, आणि गोठ्यांतून कुरणांत जातां जातां आंकडा कसा उतरत गेला! यांत कोणाची लबाडी नाहीं. काचपात्रांत द्रव्य सतत जागच्या जागीं असतें. कुरणांतील गाय मात्र सकाळीं खाद्य खाते, दिवसभर चरते व पाणी पिते. तिची भूक आणि तिचा चारा रोज बदलतो. त्याखेरीज ब्रोमोफॉर्मचा अंश दुधांत उतरतो काय, आणि शेवाळ मोठ्या प्रमाणावर पिकविल्यास तें द्रव्य हवेंत जाऊन ओझोनच्या थरास बाधा होईल काय, हेहि प्रश्न तपासावे लागतात.

लिटरामागें किती?

आतां आपल्या गोठ्याकडे परत येऊं. मिथेन मोजण्याच्या दोन रीति आहेत: एका जनावरामागें किती, आणि एका लिटर दुधामागें किती. समजा, एक गाय रोज १२० ग्रॅम मिथेन सोडते व दोन लिटर दूध देते. लिटरामागें ६० ग्रॅम झाले. दुसरी गाय २०० ग्रॅम सोडते, पण दहा लिटर दूध देते. लिटरामागें २० ग्रॅमच झाले. हे आंकडे केवळ उदाहरणादाखल घेतले आहेत. पण त्यांतील तत्त्व खरें आहे. गाय प्रथम स्वतःचा जीव जगविण्यापुरतें खाते, आणि त्या खाण्याचा मिथेन दूध असो वा नसो निघतच राहतो. म्हणून उपाशी, आजारी किंवा भाकड जनावर दुधाच्या मानानें सर्वांत अधिक मिथेन सोडतें.

यावरून सामान्य कुटुंबानें काय करावें तें उघड होतें. नुसत्या कोरड्या कडब्यावर गाय ठेवूं नये. कडब्याची कुट्टी करावी, जोडीस हिरवी वैरण द्यावी, ऐपतीप्रमाणें पेंड व क्षारमिश्रण द्यावें, पाणी मुबलक ठेवावें, जंतांचें औषध वेळच्या वेळीं पाजावें. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळानें गांवोगांवीं संतुलित आहाराची जी योजना चालविली, तींत घरच्याच खाद्याचा योग्य मेळ घातल्यानें दूध वाढलें व लिटरामागील मिथेन घटला, असा अनुभव आला आहे. सरकीची किंवा जवसाची पेंड आपले वाडवडील दुभत्या गाईस घालीत आले. तींतील तेलहि मिथेन थोडा कमी करतें. मात्र तेलाचें प्रमाण वाढलें तर जंतु गुदमरतात आणि तंतु पचत नाहींत. तेथेंहि बेत पाहिजेच. पोटभर व समतोल चारा हा पाया, आणि टॅनिन किंवा शेवाळ यांची पूड हा त्यावरचा कळस. पायाच नसेल तर कळस कशावर बसवावयाचा?

उद्यां बाजारांत या जातीचीं नाना पुडकीं येतील, व प्रत्येकावर मोठमोठे आंकडे छापलेले असतील. तीं घेण्यापूर्वीं विकणाऱ्यास चार प्रश्न विचारावे. हा आंकडा काचपात्रांतला कीं जिवंत जनावरावरचा? प्रयोग किती दिवस चालला? त्या दिवसांत जनावराचें खाणें व दूध घटलें काय? दुधांत या द्रव्याचा अंश उतरतो काय? आणि या चार प्रश्नांचीं उत्तरें मिळालीं तरी पशुवैद्यास विचारल्यावांचून मात्रा ठरवूं नये. ज्याच्या दावणीला दोनच जनावरें आहेत, त्याचें एक जनावर चुकीच्या मात्रेनें आजारी पडलें तर त्याचा अर्धा संसार आजारी पडतो. संशोधनसंस्थेला एक प्रयोग फसला तर दुसरा करतां येतो; त्या मनुष्याला तें परवडत नाहीं.

मित्रहो, शास्त्र शिकणें म्हणजे नवलाईच्या गोष्टींवर चटकन विश्वास ठेवणें नव्हे, आणि त्यांस हंसून उडवून लावणेंहि नव्हे. शास्त्र म्हणजे मोजणें. आणि मोजलेलें कोठें, कोणत्या परिस्थितींत मोजलें हें विसरूं न देणें. जें टॅनिन कातडें टिकवितें तेंच बेतानें दिलें असतां चारा वांचवितें, आणि बेताबाहेर गेलें असतां जनावर मारतें. हा बेत आपल्या देशांतील निरनिराळ्या पाल्यांसाठीं, निरनिराळ्या जनावरांसाठीं बसविण्याचें काम अजून पुष्कळ उरलें आहे. तें करण्यास गोठ्याची माहिती आणि प्रयोगशाळेची शिस्त या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या ठायीं लागतात. तुमच्यापैकीं कित्येकांस पहिली घरींच मिळाली आहे. दुसरी मिळविण्यासाठीं तुम्हीं शाळेंत आलां आहां. पुढच्या सुटींत गांवीं जाल तेव्हां झाडाखालीं रवंथ करीत बसलेल्या गाईपाशीं घटकाभर थांबा, तिच्या पुढ्यांत काय चारा आहे तें पाहा, आणि तो तिच्या कितपत अंगीं लागत असेल याचा विचार करा.